दोन समयांमधल्या अक्का

तंजावरात मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. नाव गोविंद राव, पण बाजारात या नावाची चौकशी केलीत तर तुम्हाला भलत्याच घरी धाडतील. 'विळंबर राव' म्हणा, चहाच्या टपरीवाला हातातला ग्लास न ठेवता माझ्या गल्लीकडे बोट दाखवील. विळंबरम् म्हणजे तमिळमध्ये जाहिरात. तुम्हा मराठी वाचकांना त्यात विलंब ऐकू येईल, आणि तेही काही चूक नाही. माझ्या हातून दिवाळीची म्हणून सुरू झालेली जाहिरात बहुधा पोंगलला लागायची.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, तुमच्या तिकडच्या जुन्या मराठीतच लिहा, आम्ही हात लावणार नाही. मी दोन पानं लिहून पाठवली. त्यांचा पुन्हा फोन आला, म्हणाल्या, थोडा हात लावू. तेव्हा खालच्या मजकुरात जे सुरळीत वाटेल ते त्यांचं समजा, जे अडखळेल ते आमचं. आमच्या घरात देवनागरी वाचणारा मी शेवटचा. मुलगी मराठी समजते, पण उत्तर तमिळमधून देते. म्हणजे मी इथे स्वतःची किती शोभा करून घेतली ते घरात कोणाला कळायचं नाही, त्या धीरावर लिहायला बसलो आहे.

उभा जन्म मी साड्यांच्या दुकानांच्या, सोन्याच्या पेढ्यांच्या आणि मंगल कार्यालयांच्या जाहिराती केल्या. साडीची जाहिरात सोपी असते. बाई देखणी घ्यायची, साडी तिच्याहून देखणी दिसेल असं बघायचं, आणि खाली 'आजच या' लिहायचं. उद्या आलेल्या गिऱ्हाइकालाही कोणी हाकलत नाही. निवृत्तीच्या वयाला आलो तेव्हा एका अन्नदानाच्या संस्थेने मला बोलावलं आणि माझी विद्या तिथेच उघडी पडली.

संस्थेचं काम साधं. गावात एक स्वयंपाकघर. तिथून रोज दुपारी एक पांढरी गाडी निघायची, आम्ही तिला इथल्यासारखं वंडीच म्हणतो. तिच्यात तूक्कु, म्हणजे वर कडी असलेले स्टीलचे पुडांचे डबे. एकीकडे तिरुवैयारु, दुसरीकडे ओरत्तनाडच्या वाटेवरची खेडी. जिथे म्हातारी माणसं एकेकटी राहतात, तिथे भात, सांबार, एक भाजी, ताक. आमच्या मराठी राजांनी या मुलखात वाटसरूंना जेवू घालायला छत्रं बांधली होती. आता वाटसरू बसने जातात आणि उपाशी घरात बसून राहतात ते म्हातारे, म्हणून छत्रालाच चाकं लावली, असं आप्पा म्हणायचे.

आप्पा म्हणजे संस्थेचे प्रमुख. निवृत्त हेडमास्तर, आमच्यासारख्याच मराठी घरातले, सदरा नेहमी इस्त्रीचा आणि मत नेहमी त्याहून कडक. पहिल्या दिवशी मी ती वंडी बघितली. चारी बाजूंनी कोरी, एक अक्षर नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला कोरी भिंत दिसली तरी हात शिवशिवतात, ही तर फिरती भिंत.

मी म्हटलं, "आप्पा, हिच्यावर नाव घालू या. ठळक, लाल."

"का?"

"लोकांना कळायला नको का, आपण काय करतो ते?"

"ज्याला भूक आहे त्याला कळतं," आप्पा म्हणाले. "राव, शेजाऱ्याच्या दारात लाल अक्षरांची गाडी थांबली की गल्लीला काय कळतं, ते सांग बघू."

मी मान डोलावली. पण पटलं नव्हतं. आमच्यातला हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. त्यांचं म्हणणं, जाहिरातीवर घातलेला रुपाया कोणाच्या तरी ताटातून उचललेला असतो. माझं म्हणणं, त्या रुपायाच्या मागून दहा येतात. दहा कधी आले ते दाखव, असं ते म्हणाले की मला चहाची आठवण व्हायची.

आमच्याकडे देणाऱ्यांची तऱ्हा न्यारी. इथल्या देवळांत टूबलाइट दिली की तिच्या काचेवर काळ्या रंगात देणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. आधी 'उभयम्', मग नाव, बापाचं नाव, गाव, दुकान. उभयम् म्हणजे अमक्याकडून अर्पण. एका भांडीवाल्याने आमच्या स्वयंपाकघराला टूबलाइट दिली. त्याला तिच्यावर आजोबांपासून सगळी वंशावळ हवी होती. मी जाहिरातवाला, मी कशाला नाही म्हणू? रंगारी बोलावला, दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं. संध्याकाळी दिवा लावला तर प्रकाश म्हणून काही खालीच येईना. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "राव सार, आता या दिव्याला बघायला एक दिवा द्या." आप्पा तिथेच उभे होते. त्या आठवड्यात ते मला फार प्रेमाने वागवत होते.

आता अक्का. लक्ष्मी अक्का तिरुवैयारुत कावेरीच्या घाटाजवळच्या एका गल्लीत राहायच्या. त्याही आमच्याच मराठी माणसांतल्या. जन्मभर घरी गाणं शिकवलं. अख्खं गाव त्यांना 'पाट्टु टीच्चर' म्हणायचं, गाण्याची बाई. लग्न केलं नाही, पेन्शन नाही, शिष्यिणी लग्न होऊन कुठे कुठे गेल्या. हात कापायला लागले आणि चूल बंद झाली, आणि पुढे आमचा डबा जायला लागला. पण त्याला एक अट होती. त्यांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं की त्रिचीला बँकेत असलेली त्यांची शिष्या जानकी डबा पाठवते. आमचा ड्रायव्हर मणी वंडी कोपऱ्यावर उभी करायचा आणि डबा पिशवीत घालून, नातेवाइकाकडे जातोय अशा चालीने घेऊन जायचा.

मला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "गोविंदा, हा डबा कुठून येतो ते ज्या दिवशी या गल्लीला कळेल, त्या दिवसापासून मी तो घेणार नाही."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. पूर्वी एका ठिकाणाहून त्यांना जेवण येत असे. तिथल्या मंडळींनी एका समारंभात माइकवरून जेवणाऱ्यांची नावं वाचली. अक्कांनी तेव्हापासून ते जेवण बंद केलं आणि मणीला सापडेपर्यंत त्या केळी आणि पाण्यावर होत्या. म्हणून मणी ती पिशवी देवाच्या प्रसादासारखी जपायचा.

मग एक वर्ष असं आलं की तांदूळ देणाऱ्या दोन गिरण्या बंद पडल्या आणि आमची कोठी रिकामी व्हायला लागली. वंडी रोजची एक दिवसाआड झाली. एक दिवसाआड जेवणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय होतं हे मी लिहीत नाही. आप्पा माझ्या खोलीत आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "राव, कर तुझं ते विळंबरम्. एकदाच. आणि कोणाचं उपाशी तोंड दाखवायचं नाही."

झालं, माझ्या अंगात वारं शिरलं. मोठा फ्लेक्स करायचा ठरवला. शब्द तर मला आधीच सुचले होते. पूर्वी आमच्या घरांतून भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळ्या मडक्यात घालायची रीत होती, धर्मासाठी. तमिळमध्ये 'ओरु पिडि अरिसि', एक मूठ तांदूळ. हे शब्द अख्ख्या जिल्ह्यात कोणालाही कळतात. आता वरती एक चेहरा हवा. जेवणाऱ्याचा नको, तर आवाहन करणाऱ्याचा. सगळ्यांना माहीत असलेला, मान असलेला.

मी अक्कांना विचारलं. त्यांनी आधी मला नखशिखांत न्याहाळलं.

"डब्याचं लिहिणार नाहीस?"

"शब्दही नाही, अक्का. तुम्ही लोकांना आवाहन करताय, एवढंच."

"म्हणजे मी देणाऱ्यांतली."

"होय."

त्या उठल्या, पेटीतली निळी पट्टू, म्हणजे रेशमी साडी नेसल्या, नाकात हिऱ्याची मुगुती घातली, आणि कॅमेऱ्याकडे असं बघितलं की फोटो काढताना माझाच स्वर चुकल्यासारखं वाटलं.

फोटो घेऊन मी सेल्वमकडे गेलो. सेल्वमचं फ्लेक्स छापायचं दुकान. आमच्याकडे वाढदिवस, कान टोचणं, नवीन दुचाकी, कशाचाही फ्लेक्स लागतो, त्यामुळे सेल्वमच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक प्रसंगाचा साचा तयार असायचा. त्याने फोटो बघितला, एक साचा उघडला, त्यात फोटो बसवला. दोन्ही बाजूंना तेवत्या समया, वर मोगऱ्याची माळ. मला फार आवडलं. म्हटलं, समई म्हणजे मांगल्य, काय सुंदर. त्याने विचारलं, जन्मतारीख? मला वाटलं, वय कळलं की लोकांना आदर वाटेल. दिली. तारखेपुढे त्याने एक आडवी रेघ ठेवली. तीही मला शोभेची वाटली.

पुढचं तंजावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगतो. समया, माळ, मध्ये म्हाताऱ्या माणसाचा फोटो, खाली जन्मतारीख आणि रेघ, हा आमच्याकडे 'कण्णीर अंजली'चा साचा. म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. माणूस गेला की दुपारच्या आत चौकात लागतो. आणि त्याखाली 'एक मूठ तांदूळ'. आता प्रेत उचलण्याआधी प्रत्येक जण मूठभर तांदूळ मृताच्या तोंडाशी घालतो. त्याला इथे वाय्क्करिसि म्हणतात, तोंडचे तांदूळ. जन्मभर या गावात राहिलेल्या, स्वतःच्या आईबापांच्या तोंडी ते तांदूळ घातलेल्या जाहिरातवाल्याच्या हे लक्षात आलं नाही. सेल्वमला मी नंतर विचारलं, अरे, तू तरी बोलायचंस. तो म्हणाला, "सार, तुमचा चेहरा इतका उतरला होता, मला वाटलं तुमच्या नात्यातल्या असतील." तो माझा नेहमीचा चेहरा आहे.

तिरुवैयारुच्या चौकात सकाळी फ्लेक्स लागला. मी मणीबरोबर वंडीतून निघालो, परिणाम बघायला. अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी वंडी पुढे जाईना, एवढी माणसं. मी मणीला म्हणालो, "बघितलंस? याला म्हणतात विळंबरम्." मग मला माणसांच्या हातातल्या माळा दिसल्या. आणि मुठी. कोणाच्या मुठीत, कोणाच्या पदरात, कोणाच्या कागदाच्या पुडीत तांदूळ.

दारात अक्का स्वतः उभ्या होत्या. केस मोकळे, नुकत्या न्हालेल्या, आणि डोळ्यांत असा राग की पुढची रांग दोन पायऱ्या खाली उतरली होती. एक म्हातारा नादस्वरवाला, बहुधा त्यांच्या बरोबरीचा, हात जोडून नुसता "टीच्चर, टीच्चर" म्हणत होता. शिष्यिणी रडत होत्या. त्यांतली एक, उंच, ऑफिसला निघालेली असावी तशी साडी, बॅग खांद्यावर, ती सगळ्यांत जास्त रडत होती. शेजारची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जानकीअम्मा, तुम्ही रोज डबा पाठवलात, मुलीने केलं नसतं एवढं केलंत."

जानकी रडायची थांबली. "कुठला डबा?"

आणि नेमका तेव्हा मणी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हातात डबा. गर्दीत पिशवी फाटली होती, स्टीलचा तूक्कु उघडा लखलखत होता. वंडी आमच्या मागे गल्लीच्या तोंडाशीच, आत ओळीने तसलेच डबे. सगळ्यांची नजर डब्यावर, डब्यावरून मणीवर, मणीवरून माझ्यावर. मला चौकातला प्रत्येक माणूस ओळखतो, विळंबर राव कुठल्या संस्थेत आहे तेही जाणतो. मी तोंड उघडलं. जन्मभर खोटं छापून जगलो, पण त्या वेळी एक शब्द सुचला असेल तर शपथ. मला एवढंच दिसत होतं की या बाईचं जेवण आज माझ्यामुळे बंद होणार.

जानकी हुशार. तिने माझ्याकडे बघितलं, टीच्चरकडे बघितलं, आणि पदराने डोळे पुसून मोठ्याने म्हणाली, "हो, तो डबा ना. मीच पाठवते. रोज."

अक्का तिच्याकडे वळल्या.

"जानकी," त्या म्हणाल्या, "खोटं बोललीस की तुझा स्वर चढतो. लहानपणापासून. किती वेळा सांगितलं."

अक्का पायरी उतरून खाली आल्या, मणीच्या हातून डबा घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. हात कापत होता, त्यामुळे कडी वाजत होती.

"हा यांच्या संस्थेकडून येतो," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी चूल नाही. मी हा खाते. ऐकलंत सगळ्यांनी? आता पुन्हा विचारायचं नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि गोविंदा, तुला माझ्या फोटोला समयाच सापडल्या?"

मी म्हटलं, "अक्का, मला त्या मंगल वाटल्या."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, रडणाऱ्या शिष्यिणीसुद्धा. तो नादस्वरवाला मात्र मुठीतले तांदूळ बघत उभा होता. म्हणाला, "टीच्चर, पण हे तांदूळ आता काय करायचे? हे घरी परत नेता येत नाहीत. अशुभ."

"माझ्या तोंडात घालायला आणलेत ना?" अक्का म्हणाल्या. "मग घाला. पण शिजवून."

मणीने वंडीतलं रिकामं पोतं आणलं. एकेक जण पुढे आला आणि मूठ सोडून गेला. अक्का पोत्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, लग्नाच्या आहेराला बसतात तशा. शेवटी मी पुढे गेलो, रिकाम्या हाताने. म्हटलं, अक्का, माझी चूक झाली. त्या म्हणाल्या, "मी फोटो दिला, तुम्ही भात दिला. यालाच म्हणतात ना रे उभयम्? आपल्या मराठीत उभय म्हणजे दोघं. तुम्ही टूबलाइटवर एकाचंच नाव का लिहिता, देव जाणे." तंजावरात एवढी वर्षं काढून हा अर्थ माझ्या कानात शिरला नव्हता.

त्या दिवसापासून गावोगावची पोती यायला लागली. जानकीने त्रिचीच्या बँकेतल्या मैत्रिणींना सांगितलं, नादस्वरवाल्याने देवळात. कोठी भरली, वंडी रोजची झाली. अक्का डबा उघडपणे घ्यायला लागल्या. मी आप्पांना म्हटलं, बघा, दहा आले. आप्पा म्हणाले, "ते जाहिरातीमुळे आले की जाहिरात चुकल्यामुळे, तेवढं मला सांग." मी चहा मागवला.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेखही जाहिरातच होईल. त्या गर्दीत सगळ्यांनी आमची वंडी बघितली, डबे बघितले. आता ती कोरी राहिली तरी कोरी नव्हती. ओरत्तनाडच्या वाटेवरच्या एका खेड्यात एक निवृत्त बस कंडक्टर आमचा डबा घ्यायचे. पुढच्या आठवड्यात त्यांनी मणीला दारातूनच हात जोडले. माझा मुलगा आता पैसे पाठवतो, म्हणाले. त्यांना मुलगा नव्हता हे मणीला माहीत होतं. आम्ही चालत गेलो, पिशवी बदलली, दुसऱ्या माणसाला पाठवलं. त्यांनी दार उघडलं नाही. अक्कांसारखं पायरी उतरून चार लोकांत सांगणं प्रत्येकाला जमत नाही, आणि ते जमावं अशी अपेक्षा करणारे आम्ही कोण? त्यांचं घर अजून माझ्या वाटेत येतं. मी दुसऱ्या वाटेने जातो.

अक्का त्यानंतर काही वर्षं होत्या. फ्लेक्स त्यांनी मागून घेतला होता, मागच्या पडवीत गळतीवर ताडपत्री म्हणून घातला होता, चेहरा आतल्या बाजूला करून. मला म्हणायच्या, "झोपले की माझ्याचकडे बघते. बरी दिसते रे मी."

त्या गेल्या ते मणीला आधी कळलं, कारण डबा घ्यायला कोणी आलं नाही. आप्पा, जे जाहिरातीच्या नावाने जन्मभर कपाळाला आठी घालत आले, ते माझ्या घरी चालत आले. "राव, फ्लेक्स लाव. मोठा लाव," म्हणाले, आणि तोंड वळवून उभे राहिले.

सेल्वमने कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडली. निळी साडी, मुगुती, दोन समया, माळ, जन्मतारीख, रेघ. सगळं तयार होतं. त्याने रेघेपुढे तारीख टाकली. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून हळूच विचारलं, "हे काढू, सार? एक मूठ तांदूळ?"

मी म्हटलं, राहू दे.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी मी उभा होतो, कारण लोक फ्लेक्स बघून हसतील आणि पुढे जातील अशी मला भीती होती. हसले नाहीत, पण प्रत्येकाने मला थांबवून विचारलं, "विळंबर राव, खरंच ना?" प्रत्येकाला मी हो म्हणालो. जन्मभर जाहिराती केल्या, शब्दन् शब्द खरा असलेली ही एकच.

आणि सगळे दोन्ही हात भरून आले होते. एका मुठीतले तांदूळ अक्कांच्या तोंडाशी घालायचे आणि बाहेर येऊन दुसऱ्या मुठीतले मणीच्या पोत्यात सोडायचे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. जानकी आली, नादस्वरवाला आला, आप्पा आले. माझी पाळी आली तेव्हा मी एक मूठ घातली, आणि दुसरी घेऊन बाहेर आलो.